कॉर्फूचा वसंत: हे ग्रीक बेट इतकं हिरवं कसं?

कॉर्फूला एप्रिलमध्ये जाणार असाल तर छत्री बरोबर ठेवा. ग्रीसला निघताना टोपी, गॉगल, उन्हाचं मलम सगळे आठवणीने घेतात, छत्री कोणी घेत नाही. मीही घेतली नव्हती. पहिल्याच सकाळी पालेओकास्त्रित्साच्या किनाऱ्यावरून वर लाकोनेस गावाकडे पायवाटेने निघाले आणि अर्ध्या चढावर पावसाने गाठलं. आडोशाला एका ऑलिव्हच्या झाडाखाली उभी राहिले. ऑलिव्ह म्हणजे हात वर केला की शेंडा लागेल एवढं, छाटून आटोपशीर ठेवलेलं झाड, असं मी फोटोंवरून धरून चालले होते. हे झाड जुन्या रायवळ आंब्याएवढं उंच होतं. खोड पिळलेलं, आणि त्याला अशी आरपार भोकं की पलीकडचं गवत दिसावं. बुंध्याशी काळ्या जाळीच्या गुंडाळ्या करून ठेवल्या होत्या. गवत गुडघ्यापर्यंत, आणि त्यात पिवळी, जांभळी, गुलाबी फुलं एकमेकांच्या अंगावर पडलेली. दहा मिनिटांत सर ओसरली, ऊन आलं आणि सगळा उतार वाफाळला. तो वास ओळखीचा होता. श्रावणात घाटात येतो तोच.

ग्रीसमध्ये हा वास कसा? तो प्रश्न मी तिथून घेऊन आले आणि मग बरंच वाचत राहिले. उत्तराचा अर्धा भाग आकाशात सापडला, उरलेला व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबात.

आधी बेट कुठे आहे ते पाहू. ग्रीसची बहुतेक प्रसिद्ध बेटं पूर्वेकडे एजियन समुद्रात आहेत. कॉर्फू देशाच्या उलट बाजूला, पश्चिमेच्या आयोनियन समुद्रात, अगदी वरच्या टोकाला आहे. ग्रीक लोक त्याला केर्किरा म्हणतात. कॉर्फू हे नाव बायझंटाईन काळातल्या ‘कोरिफो’वरून आलं. कोरिफी म्हणजे शिखर. शहराच्या जुन्या किल्ल्याला दोन टेकड्या आहेत, त्यांच्यावरून ते नाव पडलं. लांबी सुमारे ६० किलोमीटर, क्षेत्रफळ ५९० चौरस किलोमीटरच्या आसपास. उत्तरेला रुंद आणि दक्षिणेकडे निमुळतं होत वळत गेलेलं, म्हणून प्राचीन ग्रीकांनी त्याला द्रेपानी, म्हणजे विळा, असंही म्हटलं होतं. विळ्याच्या रुंद भागात पांतोक्रातोर हा ९०६ मीटर उंच डोंगर आहे. अरुंद खाडीपलीकडे अल्बानियाचा किनारा दिसतो, एका ठिकाणी तर जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर.

आता पाऊस. कॉर्फूला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, अथेन्सला सुमारे ४००. एकाच देशात एवढा फरक का, हे ज्याने कधी महाबळेश्वरहून फलटणला प्रवास केला आहे त्याला लगेच समजेल. ग्रीसच्या मुख्य भूमीवर पिंदोस नावाची डोंगररांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. पाऊस घेऊन येणारे वारे पश्चिमेकडून, इटलीच्या बाजूने समुद्र ओलांडून येतात. डोंगराला अडून ते वर चढतात, वर गार होतात आणि पाणी टाकतात. रांगेच्या पूर्वेला पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. म्हणजे अथेन्स आणि एजियनची बेटं त्या रांगेच्या पर्जन्यछायेत आहेत, आणि कॉर्फू कोकणाच्या बाजूला.

पण इथे एक मोठा फरक आहे, आणि तिथला वसंत समजायचा तर तोच नीट लक्षात घ्यावा लागतो. आपला पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी येतो. भूमध्य समुद्राच्या आसपास तो हिवाळ्यात येतो. उन्हाळ्यात त्या सगळ्या प्रदेशावर जास्त दाबाच्या हवेचा पट्टा सरकून बसतो. त्यात हवा वरून खाली उतरत राहते, उतरताना तापते आणि कोरडी होते, त्यामुळे ढग धरतच नाहीत. जुलैमध्ये कॉर्फूतसुद्धा पाऊस नावापुरता पडतो. शरद ऋतू आला की तो पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि पश्चिमेकडच्या वादळी ढगांना वाट मोकळी होते. समुद्र तेव्हा उन्हाळाभर तापलेला असतो, त्यामुळे हवेत बाष्प भरपूर. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे सर्वाधिक पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत तो कमी-जास्त चालू राहतो आणि मार्च-एप्रिलमध्ये सरीसरीने निरोप घेतो.

म्हणजे तिथला वसंत हा पावसाळ्याच्या शेपटावरचा ऋतू आहे. आपल्याकडे वसंत म्हणजे पानगळीनंतरची कोरडी पालवी, पळस-पांगारा, आणि पुढे वैशाखवणवा. जमिनीलगतचं गवत तेव्हा वाळून गेलेलं असतं. कॉर्फूचा एप्रिल आपल्या चैत्रासारखा नाही, तो भाद्रपदासारखा आहे. जमिनीत भरपूर ओल, ऊन वाढत चाललेलं, आणि पुढे येणारा कोरडा काळ सगळ्या झाडाझुडपांना जणू पाठ असलेला. कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये जी घाई दिसते, तीच ही. पाणी संपायच्या आत फुलायचं, बी धरायचं आणि गप्प व्हायचं.

ही घाई समजली की तिथली फुलं नुसती सुंदर वाटत नाहीत, त्यांचं वागणं कळायला लागतं. खसखशीच्या जातीतली लाल पॉपी घ्या. तिचं बी उन्हाळाभर मातीत पडून असतं, ऑक्टोबरच्या पहिल्या पावसात रुजतं, थंडीभर रोप जमिनीला चिकटून हळूहळू वाढतं आणि एप्रिल-मेमध्ये रस्त्याच्या कडा लाल होतात. जूनपर्यंत बी गळून झाड मेलेलं असतं. ॲनिमोनी, रानटी आयरिस, ॲस्फोडेल यांची पद्धत वेगळी. ती कंदातून येतात. हिवाळ्यात पानांनी कमावलेलं अन्न जमिनीखाली कंदात साठवायचं, उन्हाळ्यात वरचं सगळं वाळू द्यायचं आणि खाली झोपून राहायचं. ॲस्फोडेलचे पांढुरके तुरे पडीक, चरून गेलेल्या, दगडी जमिनीवर सगळ्यांत जास्त दिसतात. प्राचीन ग्रीकांच्या कल्पनेत मृतांच्या लोकातली कुरणं याच फुलांची होती. संध्याकाळी पांतोक्रातोरच्या उतारावर त्यांचा फिकट रंग पाहिला तेव्हा ती कल्पना मला अजिबात दूरची वाटली नाही.

तिसरी तऱ्हा झुडपांची. मेंदीच्या आकाराचं मर्टल, जाड चकचकीत पानांचं लेंटिस्क, काटेरी पानांचा बुटका ओक. ही बारा महिने हिरवी राहतात, कारण त्यांनी पानंच चामड्यासारखी करून घेतली आहेत, पाणी सहज उडून जाऊ नये म्हणून. सेज आणि थाइमच्या पानांत सुगंधी तेल असतं. उन्हात त्यांच्यामधून चाललं की कपड्यांना वास राहतो, दुसऱ्या दिवशीपर्यंत.

आणि एक झाड असं आहे की त्याच्यासाठी मी पुन्हा एप्रिलमध्ये जाईन. ग्रीक त्याला कुत्सुपिया म्हणतात, इंग्रजीत त्याचं नाव ज्यूडस ट्री. मार्चच्या शेवटी, एकही पान नसताना, या झाडावर गडद गुलाबी फुलं येतात. नुसती डहाळ्यांच्या टोकांना नाही, तर जुन्या फांद्यांच्या सालीतून आणि थेट खोडातूनसुद्धा. फणस खोडाला लागतो तसेच हे गुच्छ खोडाला लागलेले. फुलं ओसरत आली की हृदयाच्या आकाराची पानं फुटतात. ते पान मी हातात घेतलं आणि कुठे तरी पाहिल्यासारखं वाटलं. ते खरंच ओळखीचं निघालं. हे झाड आपल्या कांचनाच्या आणि आपट्याच्या कुळातलं आहे. आपट्याचं पान टोकाशी दुभंगतं, याचं दुभंगत नाही, पण देठापासून पसरणाऱ्या शिरा आणि तो जोडीदार पाळ्यांचा आकार पाहिला की नातं लपत नाही. दसऱ्याला आपण ज्याची पानं सोनं म्हणून देतो, त्याच्या लांबच्या भावंडाने ईस्टरच्या सुमाराला एक अख्खा उतार गुलाबी केलेला असतो.

गवतात खाली वाकलं तर आणखी एक गोष्ट सापडते, पण तिच्यासाठी गुडघे टेकावे लागतात. ती म्हणजे ऑर्किड, आपली आमरी. कॉर्फूतली आमरी झाडावर नाही, जमिनीवर उगवते, वीतभर उंचीची. तिच्या जाती अनेक आहेत आणि त्यांतला ओफ्रिस हा गट सगळ्यांत विलक्षण. त्यांच्या फुलाची खालची पाकळी तपकिरी, मखमली, केसाळ, मध्ये निळसर चकाकी. दुरून पाहिलं तर फुलावर मधमाशी बसली आहे असंच वाटतं. हे साम्य आपल्यासाठी नाही, नर माशीसाठी आहे. वसंतात रानमाश्यांचे नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात आणि माद्यांच्या शोधात फिरत असतात. ओफ्रिसचं फूल मादीच्या अंगाला येणाऱ्या गंधासारखाच गंध सोडतं. नर येतो, फुलाला मादी समजून बिलगतो, आणि त्याच्या डोक्याला किंवा पोटाला परागाचे दोन छोटे गोळे चिकटतात. मध एक थेंबही मिळत नाही. पुढच्या फुलावर तो पुन्हा फसतो आणि पराग तिथे पोचतो. खऱ्या माद्या बाहेर पडल्या की हा खेळ फारसा चालत नाही, म्हणून फुलण्याची वेळ जमणं फार महत्त्वाचं. प्रत्येक जातीचा गंध वेगळा आणि बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या जातीचीच माशी त्याला येते.

ऑर्किड हा शब्दही इथलाच, ग्रीक. जमिनीखाली या रोपाला दोन गोल गड्डे असतात, एक गेल्या वर्षीचा सुकत चाललेला आणि एक यंदाचा भरत आलेला. त्या जोडगोळीवरून ग्रीकांनी त्याला ‘ऑर्खिस’, म्हणजे वृषण, असं नाव दिलं. या गड्ड्यांची पूड करून सालेपी नावाचं गरम, दाटसर पेय करायची जुनी पद्धत आहे. पेय चवदार असेल, पण एक पेला म्हणजे बऱ्याच रोपांचा जीव. बी धुळीएवढं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो, त्यामुळे मातीतल्या एका विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. म्हणून जिथे माती खोल नांगरली जात नाही, खत-औषधांचा मारा होत नाही, तिथेच आमरी टिकते. कॉर्फूत अशी जागा कुठली? ऑलिव्हच्या जुन्या बागा.

आणि इथून गोष्ट माणसांकडे वळते.

कॉर्फूवर व्हेनिसची सत्ता १३८६ ते १७९७ अशी चार शतकांहून जास्त होती. ग्रीसचा बहुतेक भाग उस्मानी तुर्कांकडे गेला, कॉर्फूचं शहर मात्र १५३७ आणि १७१६ च्या मोठ्या वेढ्यांनंतरही पडलं नाही. व्हेनिस हे व्यापाऱ्यांचं राज्य होतं. त्याला तेल लागायचं, खाण्यासाठी, दिव्यांसाठी, साबणासाठी, लोकरीच्या धंद्यासाठी. एकामागून एक प्रदेश हातचे जात होते. तेव्हा हातात उरलेल्या बेटांवर ऑलिव्ह लावणं हे राज्याचं धोरण झालं. झाडं लावणाऱ्याला रोख पैसे मिळत. कर तेलाच्या रूपात भरता येई. तेल विकायचं ते मात्र व्हेनिसमार्फतच. पाहता पाहता द्राक्षवेली आणि धान्याची जमीन मागे सरकली आणि टेकड्यांमागून टेकड्या चंदेरी-हिरव्या झाल्या. आज बेटावरच्या ऑलिव्हच्या झाडांचे अंदाज तीस-चाळीस लाखांच्या घरातले आहेत, आणि त्यांतली बरीच त्या काळातली.

म्हणजे ज्याला प्रवासी निसर्ग म्हणतात, ते पुष्कळसं एका सरकारी योजनेतून उगवलेलं रान आहे. हे कळल्यावर मला त्या बागा कमी सुंदर वाटल्या नाहीत, उलट त्यांच्यात माणसांच्या पिढ्या दिसू लागल्या.

झाडं एवढी उंच का, याचं उत्तरही त्यातच आहे. कॉर्फूतली मुख्य जात लियानोलिया. फळ बारीक, झाड मूळचंच उंच जाणारं. इतर ठिकाणी फळ हाताने किंवा काठीने काढायचं म्हणून झाड छाटून बुटकं ठेवतात. इथे परंपरेने फळ पिकून आपोआप गळण्याची वाट पाहत. खाली जाळ्या अंथरायच्या आणि पडलेलं गोळा करत राहायचं, नोव्हेंबरपासून थेट वसंतापर्यंत. फळ खाली येणारच असेल तर झाड बुटकं ठेवायची गरज काय? त्यामुळे फांद्या शतकानुशतकं वाढत राहिल्या आणि बागांची रानं झाली. गळून पडलेल्या फळाचं तेल आंबटसर होतं, दिव्याला चालतं, आजच्या बाजारात त्याला भाव येत नाही. म्हणून अलीकडे काही शेतकरी फळ हिरवं असतानाच झाडावरून काढतात, झाडं थोडी उतरवतात. त्यांचं चुकत नाही. पण ज्या बागांकडे कोणी फार लक्ष देत नाही, तिथे खालची जमीन न नांगरलेली राहते, मेंढ्या चरून झुडपं आटोक्यात ठेवतात, वरून विरळ ऊन झिरपतं, आणि तीच आमरीची, सायक्लेमेन या छोट्या रानफुलाची आणि ॲनिमोनीची जागा होते. पूर्णच टाकून दिली तर दहा-वीस वर्षांत काटेरी झुडूप सगळं झाकून टाकतं. फुलांना माणूस हवा असतो, पण मोजका.

दगडाचंही थोडं सांगायला हवं. उत्तरेचा डोंगर चुनखडीचा आहे. चुनखडी पाणी पोटात घेते, फटींतून खाली सोडते, म्हणून पांतोक्रातोरचा माथा उघडाबोडका आणि पायथ्याशी झरे. मध्यभागी रोपाचं सखल मैदान आहे, पूर्वी हिवाळ्यात तिथे पाणी साचून दलदल व्हायची. पश्चिम किनाऱ्यावर कोरिसिया हे खारं सरोवर, समुद्रापासून वाळूच्या टेकड्यांनी वेगळं केलेलं. वसंतात स्थलांतर करणारे बगळे आणि चिखलपक्षी तिथे थांबतात. हर्मनची कासवं थंडीतली झोप संपवून रस्त्यावर येतात. गाडी चालवत असाल तर त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

या सगळ्याच्या ऐन भरात ईस्टर येतो, आणि तो योगायोग नाही. ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरचा हिशेब अजून जुन्या ज्यूलियन पंचांगाने करतं. ते आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे आहे. त्यामुळे त्यांचा ईस्टर ४ एप्रिलच्या आधी येत नाही आणि मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणजे थंडीत तो कधी सापडतच नाही, बेट फुलांनी भरलेलं असतानाच येतो. घराघराच्या गच्चीला गडद लाल कापडं बांधतात. शहरात विस्टेरियाच्या वेलीचे जांभळे घोस लोंबत असतात, आणि पितळी वाद्यांची पथकं गल्ल्यांतून जातात. या पथकांतलं सगळ्यांत जुनं १८४० साली स्थापन झालं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, संत स्पिरिदोनची मिरवणूक निघते. हे बेटाचे राखणदार संत, मूळचे सायप्रसचे मेंढपाळ, पुढे बिशप झालेले. त्यांचा देह पंधराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून इथे आणला गेला आणि वर्षातून चार वेळा शहरातून मिरवला जातो. प्रत्येक मिरवणुकीमागे एक संकट आहे, प्लेगाची साथ किंवा तुर्कांचा वेढा. शनिवारची मिरवणूक दुष्काळाची आहे. बेटावर अन्न उरलं नव्हतं, आणि धान्याची जहाजं, श्रद्धाळू सांगतात त्याप्रमाणे, संतांच्या कृपेने बंदराकडे वळली. ही कथा सोळाव्या शतकातली. पुढे टेकड्यांवर ऑलिव्ह वाढत गेला तसं हे बेट बाहेरच्या धान्यावर आणखी विसंबत गेलं. तेल भरपूर, भाकरी दुसऱ्याची. मिरवणूक जवळून जाताना बायका क्रूसाची खूण करतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं ते मी सांगू शकत नाही, पण मला ती जहाजं दिसत होती. कॉर्फूत हाक मारली की चार पुरुष वळून पाहतील असं नाव एकच: स्पिरोस.

मग अकराच्या सुमारास चर्चच्या घंटा वाजतात आणि शहराच्या खिडक्यांतून मातीची मडकी खाली येतात. लहान, मोठी, काही माणसाला कवेत न मावणारी, पाण्याने भरलेली. त्यांना बोतिदेस म्हणतात. ती दगडी फरशीवर फुटतात तो आवाज छातीत जाणवतो. ही पद्धत कुठून आली याबद्दल वेगवेगळी मतं आहेत. काही जण ती व्हेनिसच्या लोकांनी नव्या वर्षी जुनी भांडी बाहेर टाकण्याच्या रिवाजाशी जोडतात, काही जण जुन्या वर्षाला निरोप देऊन वसंताचं स्वागत करण्याशी. लोक खापरीचा तुकडा शुभ म्हणून उचलून नेतात. माझ्याकडे एक आहे. त्याला अजून लाल रंगाचा पट्टा आहे.

खाण्यात वसंत सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो पालेभाज्यांत. एप्रिलमध्ये रस्त्याकडेला म्हाताऱ्या बायका हातात सुरी आणि पिशवी घेऊन वाकलेल्या दिसतात. त्या होर्ता खुडत असतात. होर्ता म्हणजे आपोआप उगवलेला खाण्याजोगा पाला, आपल्या टाकळा-भारंगी-कुर्डूसारखा. रानटी बडीशेप, पाथरीच्या जवळची पानं, आणखी किती तरी. कॉर्फूत त्याचं त्सिगारेली करतात. पाला उकडून पिळायचा, मग तेलात कांदा-लसूण आणि भरपूर लाल तिखट घालून परतायचा. ग्रीक जेवणात तिखट फारसं नसतं, हा पदार्थ त्याला अपवाद आहे, आणि भाकरीबरोबर तो खाताना मी घरी बसले आहे असं वाटलं. जिच्याकडे मी राहिले होते त्या बाईंना मी खुणांनी आणि चार शब्दांत सांगितलं की आमच्याकडेही पावसात हेच करतात. त्यांनी दुसरी वाढ वाढली.

या बेटाला मुंबईशी जोडणारा एक माणूस आहे, आणि त्याच्याबद्दल मराठीत मी कुठे वाचलेलं नाही. डॉक्टर थिओडोर स्टेफनिदेस. जन्म मुंबईचा, १८९६ सालचा. वडील राली ब्रदर्स या ग्रीक व्यापारी पेढीच्या कामानिमित्त हिंदुस्थानात होते. १९०७ मध्ये, मुलगा अकरा वर्षांचा असताना, कुटुंब कॉर्फूला आलं. पुढे तो क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर झाला, बेटावर क्ष-किरण तपासणी त्याने सुरू केली. पण त्याचा जीव रमला तो डबक्यांत. काठीला जाळी आणि जाळीच्या टोकाला बाटली लावून तो विहिरी, टाकी, ओढे, पावसाने साचलेली तळी पालथी घालायचा आणि पाण्यातले सूक्ष्म जीव भिंगाखाली पाहायचा. गोड्या पाण्यातल्या काही जीवांना त्याचं नाव दिलेलं आहे. १९३० च्या दशकात जमशेदपूरला जन्मलेला एक इंग्रज मुलगा कॉर्फूत राहायला आला, त्याला निसर्ग कसा पाहायचा हे या डॉक्टरांनी शिकवलं, आणि तो मुलगा पुढे दुर्मीळ प्राणी वाचवण्यासाठी जगभर ओळखला गेला.

डबक्यांत इतकं काय असतं, असं वाटेल. पण भूमध्य समुद्रातल्या बेटावर वसंतातलं गोडं पाणी ही थोड्या दिवसांची चैन असते. ज्या खड्ड्यात एप्रिलमध्ये बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या वळवळतात, तो जुलैत भेगाळलेला असतो. फुलांसारखीच त्या जीवांचीही घाई. जे बेट हिवाळ्याच्या पाण्यावर जगतं, ते समजून घ्यायला पाण्यापासून सुरुवात करणारा माणूस योग्यच होता.

मेच्या मध्यानंतर रंग बदलतो. लाल-गुलाबी ओसरतं आणि टेकड्यांवर ब्रूम हे पिवळ्या फुलांचं झुडूप फुलतं, मधासारख्या वासाचं. ऑलिव्हलाही याच सुमारास मोहर येतो, इतका बारीक की खांद्यावर पडल्याशिवाय लक्षात येत नाही. त्याचे पराग वाऱ्याने जातात, माश्यांची गरज नसते, म्हणून फुलाला रंग नाही. आणि रात्री बागांत काजवे येतात. आपल्याकडे ते पावसाच्या तोंडावर येतात, तिथे पाऊस संपल्यावर. कुठे तरी छोटं स्कॉप्स घुबड दर दोन-तीन सेकंदांनी एकच सूर लावत असतं, आणि खोडांच्या भोकांतून उजेडाचे ठिपके ये-जा करत असतात.

जायचं असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा किंवा मेचा पहिला आठवडा गाठा. समुद्र तेव्हा पोहायला गार असतो, ते सोडून द्या. गाडी भाड्याने घेतलीत तर एक दिवस पांतोक्रातोरच्या कुशीतलं जुनं पेरिथिया पाहा, चाच्यांच्या भीतीने समुद्रापासून लपवून वसवलेलं आणि नंतर जवळजवळ ओस पडलेलं दगडी गाव. तिथे पडक्या भिंतींतून अंजिराची पानं फुटत असतात. आणि एक दिवस कुठेही न जाता एखाद्या ऑलिव्हच्या बागेत बसा, गवतात जपून पाय टाकत.

जूनच्या अखेरीस ते गवत पिवळं पडलेलं असतं. आमरीच्या जागी एक तपकिरी काडी उरते, खाली यंदाचा गड्डा भरून तयार असतो. मोहराच्या जागी बारीक हिरवी फळं धरलेली असतात. मग जुलै, ऑगस्ट, पर्यटकांची गर्दी. ऑक्टोबरच्या पहिल्या पावसात रानटी सायक्लेमेनची फिकट गुलाबी फुलं पानांच्याही आधी वर येतात, आणि फळ गळायला लागायच्या आत बुंध्याशी गुंडाळून ठेवलेल्या त्या काळ्या जाळ्या पुन्हा सोडवून अंथरल्या जातात.